तिबेटमार्गे चो ओयू : स्की घेऊन जाणाऱ्या पहिल्या मोहिमेची तयारी

चो ओयू हे ८,१८८ मीटर उंचीचे, उंचीने जगात सहावे असलेले शिखर नेपाळ आणि तिबेटच्या सीमेवर उभे आहे. १९ ऑक्टोबर १९५४ रोजी हर्बर्ट टिखी, योसेफ योख्लर आणि पासांग दावा लामा हे तिघे कृत्रिम प्राणवायूशिवाय त्याच्या माथ्यावर पोहोचले. ज्या वायव्येकडच्या उतारांवरून ते चढले ते तिबेटच्या बाजूला आहेत आणि आजही बहुतेक पथके त्याच बाजूने जातात. त्या काळी नेपाळमधून ५,७१६ मीटर उंचीची नांगपा ला ही खिंड पायी ओलांडून तिथे यावे लागले होते. आज गाडी थेट ४,९०० मीटरपर्यंत, चायनीज बेस कॅम्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तळछावणीत नेऊन सोडते. नवख्या सदस्याला ही मोठी सोय वाटते, पण माझ्या मते या मोहिमेतला पहिला मोठा धोका याच सोयीत आहे. नेपाळमध्ये आठवडाभर चालून जी उंची अंगवळणी पडते, ती इथे दोन दिवसांत खिडकीशेजारी बसून गाठली जाते आणि शरीराला तिची वार्ताही नसते.

हा लेख प्राथमिक आणि प्रगत गिर्यारोहण अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या, सहा हजार मीटरच्या आसपास एखादे शिखर चढलेल्या आणि आता स्की घेऊन जाणाऱ्या पथकात पहिल्यांदाच सामील होणाऱ्यांसाठी लिहिला आहे. हंगाम शरद ऋतूचा धरला आहे. ऑगस्टच्या अखेरीस काठमांडू सोडावे, सप्टेंबरभर वर-खाली चढाया कराव्यात आणि सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला माथ्याचा प्रयत्न करावा, असे त्याचे सर्वसाधारण वेळापत्रक असते. वसंतातही चढाई होते, परंतु हिवाळाभराच्या वाऱ्याने तेव्हा उतार घासून निघालेले असतात आणि उघडा निळा बर्फ वर आलेला असतो. पावसाळ्यानंतर त्यावर नव्या हिमाचा थर असतो, म्हणून स्कीसाठी शरद ऋतू बरा. हाच थर हिमस्खलनही घडवतो, हे मात्र क्षणभरही विसरू नये.

पहिला टप्पा : आधीची दोन वर्षे

महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकाच्या पायांत दम असतो. पाठीवर पंधरा-वीस किलो घेऊन सिंहगड किंवा कळसूबाई चढण्याचा सराव हिमालयात खरोखर उपयोगी पडतो आणि तो शेवटच्या महिन्यापर्यंत चालू ठेवावा. स्कीचे तसे नाही. बर्फाळ प्रदेशातली मुले चालायला शिकता शिकता स्कीवर उभी राहतात. आपल्याला ती विद्या मोठेपणी, पडत-झडत शिकावी लागते. गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेत, तसेच मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत हिवाळ्यात स्कीचे अभ्यासक्रम चालतात. किमान दोन हिवाळे त्यांसाठी राखून ठेवावेत.

आठ हजारी शिखरावर सुंदर, वेगवान वळणांचे फारसे काम नसते. दहा-बारा किलोंची पाठपिशवी घेऊन, पस्तीस अंशांच्या टणक उतारावर न पडता आडवे घसरत खाली येता येते का, जागच्या जागी एक-एक स्की उचलून दिशा बदलता येते का, आणि अडचणीच्या जागी लहान उडी मारून वळता येते का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. तिन्हींचे उत्तर निःसंकोच ‘हो’ येत नसेल, तर मोहीम एक वर्ष पुढे ढकलावी. मधली पायरी म्हणून शिंजियांगमधील मुझताग अता हे सुमारे साडेसात हजार मीटर उंचीचे शिखर उत्तम आहे. त्याचे उतार रुंद आणि मंद आहेत, त्यामुळे स्की घेऊन जाणारी पथके ते मुद्दाम निवडतात, आणि सात हजार मीटरच्या वर स्कीचे एक वळण घेतल्यावर किती वेळ धापा टाकत उभे राहावे लागते, याचा पहिला अनुभव तिथे मिळतो.

दुसरा टप्पा : कागदपत्रे आणि सीमा

तिबेटमध्ये परदेशी प्रवाशाला स्वतःच्या मर्जीने एकट्याने हिंडता येत नाही. आखून दिलेला मार्ग, सोबत स्थानिक मार्गदर्शक आणि ठरलेली गाडी हे सारे बंधनकारक असते. गिर्यारोहणाचा परवाना चायना तिबेट माउंटेनिअरिंग असोसिएशन देते. संपर्क अधिकारी, गाड्या आणि याक यांची व्यवस्थाही तिच्यामार्फतच होते. भारतीय पासपोर्टवर त्या हंगामात परवानगी मिळते आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी मोहीम चालवणाऱ्या संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे.

काठमांडूहून निघणाऱ्या पथकाला साधारणपणे सामूहिक व्हिसा मिळतो. तो पासपोर्टवर न उमटता वेगळ्या कागदावर येतो आणि त्यावर सर्व सदस्यांची नावे असतात. याचे दोन परिणाम नवख्यांना माहीत नसतात. पहिला असा की, कागदावरच्या सर्वांनी एकत्र आत जायचे आणि एकत्र बाहेर यायचे असते. कोणी आजारी पडून लवकर परतणार असेल तर ती वेगळी आणि वेळखाऊ प्रक्रिया होते, म्हणून असा प्रसंग आल्यास काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे. दुसरा असा की, पासपोर्टवर आधीच चिनी व्हिसा असेल तर सामूहिक व्हिसा देताना तो रद्द केला जातो. व्यवसायानिमित्त चीनला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

सीमेवर आणि वाटेतल्या चौक्यांवर सामान व फोन तपासले जातात. दलाई लामांचे छायाचित्र, तिबेटचा ध्वज किंवा त्यासंबंधीचे पुस्तक यांपैकी काहीही, फोनमध्येसुद्धा, सोबत नसावे. तुमच्यामुळे स्थानिक मार्गदर्शक अडचणीत येऊ शकतो आणि त्याची अडचण तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी असते. लष्करी ठाण्यांची छायाचित्रे काढू नयेत. सॅटेलाइट फोन, वॉकीटॉकी आणि ड्रोन यांची परवानगी आधीच घ्यावी लागते.

सीमेचा रस्ता गृहीत धरू नये. २०१५च्या भूकंपानंतर कोदारीचा जुना मार्ग बंद पडला आणि वाहतूक रसुवागढी-किरोंग मार्गाकडे वळली; जुलै २०२५च्या पुरात रसुवागढीचा पूलही वाहून गेला. त्यामुळे काठमांडूहून विमानाने ल्हासाला जाण्याचा पर्याय खर्चाच्या आणि दिवसांच्या हिशेबात पहिल्यापासून धरावा. स्कीची लांब पिशवी कोणत्या विमानात चालते, लिथियमच्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात आणि गॅसची डबडी विमानातून नेताच येत नाहीत, हे तपशील त्याच वेळी मार्गी लावावेत.

तिसरा टप्पा : रस्ता, आणि रस्त्यावरची उंची

किरोंग सुमारे २,८०० मीटरवर, हिरव्यागार दरीत आहे. तिथून रस्ता पाच हजार मीटरहून उंच खिंडीवर चढतो, हिरवळ संपते, पैकू त्सो या सरोवराच्या काठाने जाताना शिशापांग्मा हे शिखर दिसते आणि संध्याकाळी तुम्ही ४,३०० मीटरवरच्या तिंगरीत असता. एका दिवसात झोपण्याची उंची दीड हजार मीटरने वाढलेली असते. पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य सल्ला असा आहे की, तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. या रस्त्यावर तो सल्ला शब्दशः पाळता येत नाही, कारण मधे मुक्कामाची ठिकाणे फारशी नाहीत. म्हणून भरपाई मुक्काम वाढवून करावी. किरोंगमध्ये दोन रात्री राहून दिवसा आसपासच्या डोंगरावर तीन-साडेतीन हजार मीटरपर्यंत चालून यावे, तिंगरीत किमान तीन रात्री काढाव्यात आणि चायनीज बेस कॅम्पवर पुन्हा दोन-तीन. वेळापत्रकात याहून कमी दिवस दिसले, तर सामील होण्यापूर्वीच नेत्याला त्याचे कारण विचारावे. असा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही.

ल्हासामार्गे जाणाऱ्यांची चढण थोडी सौम्य असते. ल्हासा ३,६५० मीटरवर आहे, शिगात्से ३,८४० मीटरवर आणि मग तिंगरी. तरीही काठमांडूच्या १,४०० मीटरवरून विमान सव्वा-दीड तासात ल्हासाला पोहोचवते, तेव्हा पहिले दोन दिवस पायऱ्या चढणे, जड सामान उचलणे आणि मद्य टाळावे. पोताला राजवाड्याची चढण तिसऱ्या दिवशी. शिनिंगहून रेल्वेने येणाऱ्यांनी ५,०७२ मीटरवरच्या तांगगुला खिंडीतून जाताना डब्यात प्राणवायूची सोय आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. ती सोय गाडीतून उतरल्यावर संपते.

खिंडीत गाडी थांबली की सगळे छायाचित्रासाठी धावतात. धावू नये. पाच हजार मीटरवर वीस पावले धावलेला माणूस पुढचा तासभर डोके धरून बसलेला मी पाहिला आहे. गाडीत झोप टाळावी, कारण झोपेत श्वास मंदावतो. दिवसभरात तीन-चार लिटर पाणी, सूप, चहा जावा. तिबेटी लोक पितात तो लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला चमत्कारिक वाटतो, पण त्यातले मीठ आणि चरबी या कोरड्या थंडीत अंगाला लागतात. थुक्पा आणि मोमो सगळीकडे मिळतात. त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या सातूचे पीठ, चहात कालवून खाल्ले तर सकाळची भूक भागते. आपल्याकडची मेतकूट, चटणी, लाडू यांची एक पिशवी अवश्य न्यावी. उंचीवर भूक मरते आणि ओळखीची चवच घास घशाखाली उतरवते.

तिंगरीत धूळ आणि वारा फार. तिथे लागलेला कोरडा खोकला महिनाभर सोडत नाही आणि वरच्या छावण्यांत बरगड्या दुखवतो, म्हणून पहिल्या दिवसापासून तोंडावर कापडी पट्टी असावी. तिंगरीच्या गल्ल्यांत मोकाट कुत्री पुष्कळ आहेत. रेबीजची प्रतिबंधक लस घरूनच घेऊन निघावे.

आजारपण ओळखण्याची रीत साधी ठेवावी. डोके दुखणे आणि त्यासोबत मळमळ, गरगरणे किंवा विलक्षण थकवा असेल, तर तो उंचीचाच त्रास आहे असे समजावे आणि आणखी वर जाऊ नये. सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल तर मेंदूला सूज आहे. विश्रांतीतही धाप लागत असेल आणि छातीत घरघर असेल तर फुप्फुसांत पाणी आहे. या दोन्ही अवस्थांत रात्र असली तरी खाली न्यावे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध साधारणपणे १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, प्रतिबंधासाठी दिले जाते. ते आणि तातडीची डेक्सामेथासोन व निफेडिपिन ही औषधे डॉक्टरांशी बोलून, स्वतःच्या अ‍ॅलर्जी सांगून, आधीच ठरवून घ्यावीत. बोटाला लावायच्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा पाहून धीर येऊ देऊ नये आणि खचूही नये; लक्षणे काय सांगतात, त्यावरच निर्णय घ्यावा. तिबेटच्या बाजूला हेलिकॉप्टरवर भिस्त ठेवता येत नाही. आजाऱ्याला खाली आणणे म्हणजे माणसांच्या खांद्यावरून किंवा याकाच्या पाठीवरून बेस कॅम्पपर्यंत आणि तिथून गाडीने कित्येक तास. म्हणूनच निर्णय लवकर घ्यावा लागतो.

आणखी एक लहान गोष्ट. साऱ्या चीनमध्ये बीजिंगचीच वेळ चालते. ती भारताच्या अडीच तास आणि नेपाळच्या सव्वादोन तास पुढे आहे. डोंगरावर आपले पथक कोणते घड्याळ पाळणार हे पहिल्याच रात्री सर्वांनी ठरवावे, नाहीतर रेडिओवर बोलण्याच्या ठरलेल्या वेळा चुकतात.

चौथा टप्पा : याकांसोबत वरच्या छावणीकडे

चायनीज बेस कॅम्पपासून सुमारे ५,७०० मीटरवरच्या अ‍ॅडव्हान्स बेस कॅम्पपर्यंत सामान याक नेतात. एक याक साधारण चाळीस-पन्नास किलो नेतो आणि ओझे दोन्ही बाजूंना सारखे बांधावे लागते. स्की इथे नडतात. लांब, टोकदार वस्तू याकाच्या पोटाला टोचली तर तो बिथरतो, उधळतो आणि स्की दगडांवर आपटतात. स्कीच्या कडा जाड फोमने गुंडाळून, जोडी एकत्र घट्ट बांधून, त्यांवर स्वतःचे चिन्ह करून याकवाल्याच्या हाती द्यावी आणि ती कुठल्या याकावर गेली हे पाहावे. स्कीचे बूट मात्र स्वतःच्या पाठीवर. स्की हरवली तर मोहीम पायी होऊ शकते. बूट हरवले तर होत नाही.

वाटेत मधल्या छावणीवर एक रात्र काढावी. समुद्रसपाटीच्या तुलनेत ५,५०० मीटरवर हवेचा दाब जवळपास निम्मा असतो, त्यामुळे वर पोहोचल्यावर पहिले तीन दिवस तंबूसाठी जागा सपाट करणे एवढेही काम दमवते. याच काळात पूजा होते. शेर्पा सहकारी दगडांचा चौथरा रचतात, पताका बांधतात, लामा मंत्र म्हणतो आणि आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन (बर्फावर चालण्यासाठी बुटाला बांधायचे पोलादी दाते), स्की सगळे तिथे ठेवले जाते. पूजेआधी कोणी डोंगरावर पाऊल ठेवत नाही. हा संकेत मनापासून पाळावा.

पाचवा टप्पा : साहित्य, जे इथे वेगळे लागते

स्की हलकी आणि फार लांब नसलेली घ्यावी. टोकावरच्या पिनांनी बूट धरणारी, टाच मोकळी सोडणारी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या पकडी, या कामासाठी सर्वांत हलकी असतात. चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या स्किन, म्हणजे उलट्या केसांच्या पट्ट्या, अतिथंडीत चिकटत नाहीत. म्हणून विश्रांतीच्या वेळी त्या अंगरख्याच्या आत, छातीशी ठेवाव्यात आणि रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्याव्यात. टणक हिमासाठी स्कीलाच बसणारे क्रॅम्पॉन वेगळे न्यावेत. बुटांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. नेहमीचे स्कीचे बूट आठ हजार मीटरच्या थंडीसाठी बनवलेले नसतात. ते अर्धा-एक आकडा मोठे घेऊन जाड आतला बूट बसवावा, बाहेरून उबदार आवरण चढवावे आणि त्या आवरणासकट बाइंडिंग व क्रॅम्पॉन बसतात का, हे घरी, हातमोजे घालून, दहा वेळा करून पाहावे. सात हजार मीटरवर ते पहिल्यांदा करून पाहणाऱ्याची बोटे धोक्यात असतात.

प्रत्येकाजवळ हिमस्खलनात शोध घेण्याचा ट्रान्सीव्हर, लांब शोधकाठी आणि फावडे असलेच पाहिजे. गाडला गेलेला माणूस वाचण्याची खरी शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते, त्यामुळे हे काम सोबत्यांनाच करावे लागते. खालून मदत येईपर्यंत वेळ निघून गेलेला असतो. बेस कॅम्पवर रिकाम्या दिवशी एक ट्रान्सीव्हर पुरून शोधण्याचा सराव रोज करावा.

सहावा टप्पा : उतारांची ओळख

अ‍ॅडव्हान्स बेस कॅम्पपासून सुमारे ६,४०० मीटरवरच्या पहिल्या छावणीपर्यंतची वाट मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढिगारा, आणि सैल दगडांची आहे. शेवटचा घसाऱ्याचा चढ कंटाळवाणा आणि दमवणारा असतो. इथे स्की पाठीवरच राहतात. त्या वाऱ्यात शिडासारख्या वागतात, म्हणून पिशवीच्या दोन्ही बाजूंना घट्ट बांधून वर टोके जुळवावीत. पहिल्या फेरीत स्की वर नेऊन ठेवाव्यात आणि पायी खाली यावे. छावणीत स्की नुसत्या टेकवून ठेवू नयेत. शेपटाकडून हिमात खोल रोवून दोरीने बांधाव्यात. वाऱ्याने सुटलेली एक स्की खालच्या तंबूतल्या माणसाचा जीव घेऊ शकते.

पहिल्या छावणीच्या वर हिम सुरू होते, आणि साडेसहा हजार मीटरच्या पुढे बर्फाचा कडा लागतो. तो दोराने चढावा आणि उतरताना दोरानेच उतरावा. दुसरी छावणी सुमारे ७,१०० मीटरवर, तिसरी साडेसात हजारांच्या आसपास. तिसऱ्या छावणीच्या वर खडकाचा पट्टा आहे, तिथेही स्की काढून पाठीवर घ्याव्या लागतात. म्हणजे माथ्यापासून पहिल्या छावणीपर्यंत अखंड स्की करत येण्याचे चित्र मनात असेल, तर ते आधीच पुसावे. कोणत्या दोन जागी स्की काढायच्या, ते करताना कुठे उभे राहायचे आणि स्की कशाला बांधायच्या, हे चढतानाच पाहून, छायाचित्र काढून, वहीत लिहून ठेवावे. उतरताना दमलेल्या डोक्याला ती जागा आठवत नाही.

बसवलेल्या दोरांवरून स्की कधीही नेऊ नये. स्कीच्या धारदार कडा दोर कापू शकतात, आणि त्या दोराला खाली कोणाचा तरी जीव टांगलेला असतो. चढणाऱ्यांच्या रांगेच्या वरच्या बाजूनेही स्की करू नये.

हिमस्खलनाविषयी नवख्यांची एक समजूत अशी असते की ते फक्त आपण ज्या उतारावर आहोत तिथेच होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये शिशापांग्मावरून स्की करत उतरण्यासाठी आलेल्या अमेरिकी मोहिमेतले अ‍ॅलेक्स लो आणि डेव्हिड ब्रिजेस पर्वताच्या पायथ्याजवळच्या हिमनदीवरून जात असताना फार वरून सुटलेल्या हिमस्खलनात गेले. त्यांचे देह २०१६ मध्ये सापडले. ते दोघे कसलेले गिर्यारोहक होते. नवे हिम पडल्यानंतर किंवा जोराचा वारा येऊन गेल्यानंतर किमान एक पूर्ण दिवस थांबावे, आणि आपल्या डोक्यावर शेवटपर्यंत काय आहे हे पाहिल्याशिवाय सपाटीवरही विसावू नये.

सातवा टप्पा : माथ्याचा दिवस आणि उतरणे

माथा म्हणजे टोक नव्हे, तर अवाढव्य पठार आहे. ढगात किंवा थकव्यात कित्येक जण पठाराच्या अलीकडच्या कडेलाच माथा समजून परततात. समोर एव्हरेस्ट आणि ल्होत्से दिसेपर्यंत चालत राहावे लागते. या सपाट चालीत शक्ती किती जाईल याचा हिशेब परतीच्या वेळेत धरावा. परतीची वेळ घड्याळात ठरलेली असावी आणि ती कोणाच्याही उत्साहासाठी बदलू नये.

माथ्यावर पोहोचलेल्या प्रत्येकाने स्की घालावीच असे नाही. पाय थरथरत असतील, प्रकाश सपाट झाला असेल आणि हिमाचा पृष्ठभाग दिसत नसेल, किंवा वाऱ्याने हिमाच्या टणक लाटा उठवल्या असतील, तर क्रॅम्पॉन घालून दोराने उतरावे. हा निर्णय प्रत्येकाने स्वतःपुरता घ्यायचा असतो आणि नेत्याने त्यात नकाराचा अधिकार ठेवायचा असतो. ७ ऑक्टोबर २००० रोजी स्लोव्हेनियाचे दावो कार्निचार एव्हरेस्टच्या माथ्यापासून बेस कॅम्पपर्यंत स्की न काढता उतरले, ते आयुष्यभराच्या तयारीनंतर. नवख्याने आठ हजार मीटरवर चार-पाच वळणे घ्यावीत, थांबावे, श्वास जागेवर येऊ द्यावा, मग पुढची घ्यावीत. प्राणवायूचा मुखवटा लावला असेल तर चष्म्यावर वाफ धरते, म्हणून कोरडा दुसरा चष्मा आतल्या खिशात असावा. जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा, मात्र एका वेळी एकानेच उतारावर असावे.

खाली अ‍ॅडव्हान्स बेस कॅम्पवर आल्यावर घाई होते. सर्वांना अंघोळ आणि घर आठवते. परंतु याक मागवल्यावर तिंगरीच्या बाजूने वर यायला दोन-तीन दिवस घेतात, वरच्या छावण्यांतला कचरा आणि रिकामी सिलिंडरे खाली आणून मोजून द्यावी लागतात, आणि सामूहिक व्हिशामुळे सर्वांनी एकत्रच सीमा ओलांडायची असते. म्हणून माथ्याच्या प्रयत्नासाठी वर निघण्यापूर्वीच, एक-दोन दिवस पुढे ढकलण्याची मुभा ठेवून, परतीच्या याकांची तारीख संपर्क अधिकाऱ्याला कळवून जावे.